प्रश्न सातवा, पाच गुण

सोमवार, ४ मार्च

मी डायरी लिहिणाऱ्यांतली नव्हे. पण केंद्राच्या समन्वयक बाईंनी आज सांगितलं की काम संपल्यावर प्रत्येकाकडून अभिप्राय घेणार, तेव्हा रोज चार ओळी टिपून ठेवा. म्हणून ही वही.

एकोणतीस वर्षं पेपर तपासले, पण लाल पेन घरी ठेवून गेले ती आज पहिल्यांदा. कॉलेजच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये बावन्न परीक्षक. मुलांच्या उत्तरपत्रिका आधीच स्कॅन केलेल्या आहेत. पडद्यावर पूर्ण पेपर येतच नाही, एकच प्रश्न येतो. माझ्या वाट्याला दहावीच्या विज्ञानाचा सातवा: ‘नळीने सरबत पिताना सरबत वर का येते, ते हवेच्या दाबाच्या आधारे स्पष्ट करा.’ पाच गुण. महिनाभर मी हेच सरबत पिणार आहे.

शिवाय यंदा प्रयोग म्हणून प्रत्येक उत्तर एक यंत्रही तपासणार. त्याने किती दिले ते आपल्याला दिसत नाही, आपले त्याला दिसत नाहीत. आमच्यापैकी निम्म्यांची तोंडं ते ऐकून उतरली. मला मात्र खरं सांगायचं तर कुतूहल वाटलं. यंत्राला कंटाळा येत नाही, भूक लागत नाही, मुलाचं अक्षर बघून ते नाक मुरडत नाही. असा सहकारी मला आजवर मिळालेला नाही.

समन्वयक बाई माझ्या मुलीच्या वयाच्या, शिक्षण संख्याशास्त्राचं. दुपारच्या डब्यापर्यंत त्यांचं ‘आकडेताई’ हे नाव पक्कं झालं होतं.

मंगळवार, ५ मार्च

एकशे अठरा उत्तरं. कोपऱ्यातली हिरवी पट्टी सांगते की माझा वेग चांगला आहे. मध्ये मध्ये पडताळणीची उत्तरं पेरलेली असतात. ज्येष्ठ परीक्षकांनी आधीच तपासलेली. त्यांच्या आणि आपल्या गुणांत एकापेक्षा जास्त फरक पडला की पडदा कुलूपबंद होतो आणि आकडेताई येऊन बसतात. शेजारच्या सरांचा आज दोनदा झाला. कागद नसूनही ते कानावर पेन्सिल खोचून येतात, म्हणून मी त्यांना मनातल्या मनात शिसपेन सर म्हणते. माझा एकदाही नाही.

काही उत्तरं टाइप केलेली येतात. का, ते विचारलं नाही. त्यातल्या एकाने आज जीव सुखावला. लिहिलं होतं: ‘आपण सरबत ओढत नाही. आपण फक्त नळीतली हवा काढून घेतो आणि वाटेतून बाजूला होतो. ग्लासवर बसलेली बाहेरची हवा सरबताला वर ढकलते.’ वाटेतून बाजूला होतो! मी एकोणतीस वर्षं हे शिकवतेय, मला कधी असं सुचलं नाही. पाचपैकी पाच. एखादी हुशार, नीटनेटकी मुलगी असणार.

बुधवार, ६ मार्च

आज संध्याकाळी धाकटा भाऊ येऊन गेला. मोटर पाणी चढवत नव्हती. त्याने नुसता कान लावला आणि म्हणाला, कुठेतरी हवा घेतेय. सांधा घट्ट केला, झालं. हात चांगला आहे त्याचा. अभ्यासात मात्र डोकं कधी चाललं नाही. लहानपणी मी त्याला घेऊन बसायचे तर एका ओळीत चार चुका, अक्षर म्हणजे मुंग्यांची वारुळं. तोंडी विचारलं तर पटकन सांगायचा, लिहायला बसला की गाडी अडली. निव्वळ आळस.

जाताना त्याने दहावीचं विज्ञानाचं पुस्तक मागितलं. मुलीला हवंय म्हणाला. भाची कॉमर्सला आहे, तिला आता विज्ञान कशाला ते कळलं नाही, पण असेल हौस. माळ्यावर शोधायला लागेल म्हणून मी कंटाळा केला, तर यांनी आतल्या खोलीतून दोन मिनिटांत आणून दिलं. आमचे हे निवृत्त झाल्यापासून घर फार नीट ठेवतात. हल्ली संध्याकाळचं फिरणंही वाढवलंय, दीड-दीड तास येत नाहीत. तब्येतीला चांगलंच आहे.

शनिवार, ९ मार्च

आज माझा पडदा बंद झाला.

सकाळी अकराच्या सुमारास. आजवरची सहाशे बारा उत्तरं बिनबोभाट झाली होती. सहाशे तेराव्याला मी दोन दिले आणि मध्यभागी कुलपाचं चित्र आलं. ज्येष्ठांनी पाच दिले होते. पाच आणि दोन. शिसपेन सरांनी मान वळवून पाहिलं, तेवढं मला पुरलं.

आकडेताई खुर्ची ओढून बसल्या. मी सांगितलं की हे वाचवत नाही. अक्षरं एकमेकांवर चढलेली, ‘सरबत’चं ‘सबरत’ केलंय, आणि ‘दाब’ या शब्दावर सगळा प्रश्न उभा आहे तो ‘बाद’ असा लिहिलाय. एकदा नाही, तीनदा. ज्याला शब्द येत नाही त्याला संकल्पना कशी येईल? त्यांनी वाद घातला नाही. एवढंच म्हणाल्या, “मॅडम, हेच उत्तर तुम्ही मंगळवारी तपासलंय. टाइप केलेलं. पाच दिले होते.”

मग त्यांनी दोन्ही शेजारी-शेजारी लावून दाखवली. अशी दोनशे उत्तरं त्यांनी शुद्धलेखन सुधारून टाइप केली आहेत आणि मूळ उत्तरांसोबत मिसळली आहेत. एका वेळी एक शब्द असं बोट ठेवत मी त्या वारुळातून गेले. ‘आपण फक्त… वाटेतून… बाजूला होतो.’

मी म्हटलं, शुद्धलेखनाचं काय मग? त्यांनी गुणदानाची तालिका उघडली. हवा काढली जाते, एक. आतला दाब कमी, एक. बाहेरचा दाब जास्त, दोन. तो ढकलतो, एक. शुद्धलेखनाला विज्ञानात गुण नाहीत. ही तालिका ठरवणाऱ्या बैठकीत मी स्वतः होते.

कुलूप उघडून दिलं. त्यानंतर दिवसभरात मी फक्त एकतीस उत्तरं तपासली. पट्टी लाल झाली.

सोमवार, ११ मार्च

रविवार चिडण्यात गेला. आज चीड ओसरली आणि तिच्या जागी एक प्रश्न बसलाय, तो हलत नाही. हे एकदाच झालं की मी नेहमीच असं करते? आणि करत असेन तर मला ते दिसत कसं नाही?

विज्ञानाची शिक्षिका आहे, तर प्रयोग करून बघावा. यांना सांगितलं: चार-पाच जणांकडून हा प्रश्न हाताने लिहून घ्या, प्रत्येकाने आपल्या शब्दांत. मग तुम्ही ती उत्तरं चुका काढून टाइप करा, क्रम उलटासुलटा करा, नावं घालू नका. मी आधी टाइप केलेली तपासेन आणि नंतर हाताची. हे लगेच तयार झाले. स्वतः लिहितो म्हणाले, भाची, भावजय, खालच्या मजल्यावरचे वकील. आणि धाकट्याकडूनही घेतो म्हणाले. मी म्हटलं, त्याला कशाला उगाच संकटात टाकता. यांनी पाच कोरे कागद मोजून घेतले.

बुधवार, १३ मार्च

दुपारी डबा घेऊन मुद्दाम आकडेताईंच्या टेबलाशी गेले. मला एकच विचारायचं होतं: त्या ‘बाद’वाल्या उत्तराला यंत्राने किती दिले? मला वाटत होतं पाच. त्याला थोडंच अक्षराचं कौतुक असतं.

दोन दिले होते. अगदी माझ्याइतके.

त्यांनी समजावून सांगितलं, तेही छान सांगितलं. यंत्राला हवेचा दाब कळत नाही. त्याला मागच्या सहा वर्षांची तपासलेली उत्तरं दाखवली, पानाच्या चित्रासकट आणि गुणांसकट. कसल्या उत्तराला परीक्षक किती देतात ते त्यावरून त्याने ताडलं. नीट न वाचता येणाऱ्या उत्तरांना बहुतेकांनी दोन दिले होते. एक नाही, कारण मुलाने काहीतरी लिहिलंय. तीन नाही, कारण वाचायला कोण बसणार. मग तेही दोन देऊ लागलं.

मी विचारलं, त्यात माझीही उत्तरं होती का. त्यांनी बघून सांगितलं, नऊ हजारांच्या वर.

लपवायचं कशाला, पहिल्या क्षणी मला अभिमान वाटला. एवढं मोठं यंत्र, आणि माझ्याकडून शिकलं. तो अभिमान डब्यातला घास संपेपर्यंतसुद्धा टिकला नाही. मी निवृत्त होईन, पण ते होणार नाही. मी दिवसाला शंभर तपासते, ते मिनिटाला हजार.

शुक्रवार, १५ मार्च

पहिल्या सहाशे बारांचं काय, असं आज आकडेताईंना विचारलं. नियमाप्रमाणे माझी वीस उत्तरं नमुन्यादाखल फेरतपासणीला जातील, तेवढं पुरतं. सगळी परत तपासायची तर मी स्वतः लेखी मागणी करायला हवी. तशी केली तर अहवालात माझं नाव येतं, आणि सातव्या प्रश्नापुरता यंत्राचा प्रयोगही थांबवावा लागतो. त्यांनी दोन वर्षं खपून तो उभा केलाय. हे सांगताना त्यांचा आवाज बदलला नाही, पण हातातलं पेन त्यांनी तीनदा उघडझाप केलं.

शिसपेन सर बाहेर व्हरांड्यात म्हणाले, वेडेपणा करू नका. ऐंशी गुणांच्या पेपरात दोन-तीन गुणांनी कोणाचं आयुष्य बदलत नाही. तीस वर्षांच्या नावावर स्वतःच्या हाताने शाई कशाला सांडता?

मलाही ते पटण्यासारखं वाटलं. आमच्याच घरातलं उदाहरण आहे. धाकटा दहावीला विज्ञानात दोन गुणांनी राहिला. पस्तीस हवे होते, तेहतीस पडले. मी तेव्हा नुकती नोकरीला लागले होते. बाबांनी विचारलं, पुन्हा बसवू का याला? मी त्याच्या वह्या चाळल्या आणि सांगितलं, याचं मन अभ्यासात नाही, कामाला लावा. बाबांनी माझ्या शब्दाबाहेर काही केलं नसतं. पुढच्या आठवड्यात तो मोटर वाइंडिंगच्या दुकानात जाऊ लागला. काही वाईट झालं नाही त्याचं. स्वतःचं दुकान आहे, बायको-मुलगी सुखात आहेत. त्याने त्यावरून मला आजवर एक शब्द ऐकवलेला नाही.

रविवार, १७ मार्च

प्रयोगाचा निकाल.

टाइप केलेली पाच उत्तरं सकाळी तपासली. नावं नसली तरी दोन भाषेवरून लगेच ओळखली. वकिलांना दोन, फार लिहून काहीच सांगितलं नव्हतं. यांना तीन. एकाला चार. एकाला तीन. आणि एकाला पाच. या पाचवाल्याने नळीला भोक पडलं तर सरबत का चढत नाही तेही लिहिलं होतं, प्रश्नात नसताना. मी यांना म्हटलं, भाचीचं दिसतंय, पोरगी बापावर गेली नाही.

दुपारी हाताने लिहिलेली बघितली. ते उत्तर धाकट्याचं होतं.

टाइप केलेलं आधी वाचलं नसतं तर मी किती दिले असते? प्रामाणिकपणे लिहिते: दोन. कागद हातात घेतल्याबरोबर बोटांनाच ते कळलं, डोक्याच्या आधी. तीच वारुळं. आणि गंमत म्हणजे यानेही ‘दाब’चं ‘बाद’ केलंय, त्या पडद्यावरच्या मुलासारखंच. ‘नळी’चं ‘ळनी’. दोघांची एकमेकांशी ओळख ना पाळख, आणि चूक मात्र एकच. दोघेही घाईचे असणार.

हे चष्मा पुसत बसले होते. म्हणाले, “त्याला लिहायला तासभर लागला. घाई नव्हती.”

मंगळवार, १९ मार्च

अर्ज दिला. एक पान. ‘मी तपासलेल्या पहिल्या सहाशे बारा उत्तरांमध्ये हस्ताक्षराचा परिणाम गुणांवर झाला असावा असं मला सकारण वाटतं.’ ‘सकारण’ शब्दावर वीस मिनिटं घालवली.

आकडेताईंनी दोनदा वाचला. मी म्हटलं, तुमचा प्रयोग थांबेल, मला वाईट वाटतं. त्या म्हणाल्या, “कायमचा नाही थांबणार. यंत्र चुकीचं शिकलं होतं, ते पुन्हा शिकेल.” मग म्हणाल्या की असा अर्ज त्यांनी आजवर पाहिला नाही, त्यामुळे तो कुठल्या फाइलला लावायचा ते त्यांनाच वर विचारावं लागेल. त्यावर आम्ही दोघी हसलो. मी जागेवर आले तेव्हा शिसपेन सरांनी खुर्ची पलीकडे सरकवली होती. थोडीच, पण सरकवली होती.

गुरुवार, २८ मार्च

फेरतपासणी झाली. दोन परीक्षकांनी स्वतंत्रपणे तपासलं, तेही टाइप करून घेतलेल्या मजकुरावरून. सहाशे बारांपैकी एकाहत्तर उत्तरांचे गुण वाढले. अडतीस उत्तरांचे कमी झाले.

या अडतीसची मला कल्पनाच नव्हती. सुंदर अक्षर, समास सोडलेला, महत्त्वाच्या शब्दांखाली रेघा, आणि आत ‘हवा सरबताला ओढते’. मी पाच देऊन पुढे गेले होते. त्या अडतीस मुलांना यातलं काही कळणार नाही, निकाल अजून लागायचाय. पण मला कळलंय. एकाहत्तर जणांचं भलं केलं म्हणून छाती काढावी, तर हे अडतीस रांगेत उभे दिसतात. गुण वाढलेल्यांत काठावरची किती होती, असं विचारलं. आकडेताई म्हणाल्या, ते त्यांनाही दिसत नाही, मुद्दामच दिसू देत नाहीत.

अहवालात माझं नाव आलं. चौथ्या पानावर, एका ओळीत.

निघताना शिसपेन सर जिन्यापाशी उभे होते. त्यांनी इकडेतिकडे बघितलं आणि विचारलं, तुमच्या अर्जाची प्रत आहे का? नुसतं मायना कसा लिहिला ते बघायला हवं होतं म्हणाले.

शनिवार, ६ एप्रिल

आज धाकट्याच्या दुकानात गेले. त्याच्याकडे काम नसताना गेले असं पूर्वी कधी झालं नव्हतं. त्याने स्टूल पुसून दिलं. उघडलेल्या मोटरीसमोर बसून मी त्याला सगळं सांगितलं: सहाशे बारा, एकाहत्तर, अडतीस. त्याच्या उत्तराला पाच दिले, तेही सांगितलं. तो ऐकत होता, हात चालूच होते. तांब्याची तार बोटांतून सरकत होती.

मग मी म्हटलं, “तुझ्या पेपरालाही कोणीतरी असेच दोन गुण कमी दिले असतील रे.”

तो म्हणाला, “असतील. पण ताई, पेपरवाल्याने मला फक्त नापास केलं. याला कामाला लावा, असं बाबांना त्याने नाही सांगितलं.”

आवाजात राग नव्हता. मला वाटलं होतं की त्याच्या ते लक्षातही नसेल, पण बाबा आणि मी बोलत होतो तेव्हा तो पडवीतच होता. त्याने तारेचं टोक कापलं, मोटर बाजूला ठेवली आणि चहा सांगितला. मी म्हटलं, चुकलं माझं. तो म्हणाला, “हं.” तेवढंच. बरं झालं, ‘जाऊ दे’ म्हणाला नाही.

चहा पिताना त्याने दुसरीच बातमी दिली. वीस तारखेला त्याची परीक्षा आहे. पाणीपुरवठा तंत्रज्ञाचा परवाना. तो असला की मोठ्या इमारतींची कामं स्वतःच्या नावावर घेता येतात. पंधरा वर्षं तो घ्यायचं टाळलं, कारण पेपर लिहायचा होता. यंदापासून ती कॉम्प्युटरवर आहे. प्रश्न कानात ऐकू येतो, चारांतलं उत्तर निवडायचं. पुस्तक भाचीसाठी नव्हतंच. भाची सकाळी वाचून दाखवते आणि संध्याकाळी दीड तास आमचे हे. म्हणजे महिनाभर माझा नवरा फिरायला जात होता तो इथे, या स्टुलावर.

मी विचारलं, मला का नाही सांगितलंस? मी शिकवलं असतं. तो कप विसळत होता. बराच वेळ विसळत होता.

शनिवार, २० एप्रिल

सकाळी नऊला परीक्षा केंद्रावर गेलो, धाकटा, भाची आणि मी. हे घरीच थांबले, म्हणाले गर्दी नको. केंद्र म्हणजे बँकेच्या वरचा मजला. दारात रखवालदार, फोन कुलपात, अंगठ्याचा ठसा, चेहऱ्याचा फोटो. धाकट्याच्या अंगठ्याचा ठसा उमटेना, इतकी वर्षं तारेने घासलेला. चौथ्यांदा उमटला. काचेतून मला त्याची पाठ दिसत होती, कानावर मोठाले हेडफोन. आयुष्यभर मी काचेच्या आतल्या बाजूने मुलांकडे पाहिलं. बाहेरून बघत होते ती आज पहिल्यांदा.

तो अर्धा तास आधीच बाहेर आला. निकाल लगेच मिळतो, छापील पावती. शंभरपैकी पास व्हायला साठ हवेत. चौऱ्याहत्तर. भाचीने ती पावती दोन्ही बाजूंनी वाचली, मागची बाजू कोरी असूनसुद्धा, आणि घरी फोन करायला जिना उतरली. त्याला कानाने बरं समजतं असं दिसतं. हे इतक्या वर्षांत माझ्या ध्यानात कसं आलं नाही, कोण जाणे.

तो बाकावर माझ्या शेजारी बसला. खूश होताच, पण कपाळावर आठी होती. म्हणाला, एक प्रश्न चुकला बहुतेक. उंच इमारतीत खालचा नळ झटकन बंद केला की पाइपात धाडकन आवाज का येतो. त्याने स्वतः हजारदा ऐकलाय तो आवाज, उपायही माहीत आहे, पण दिलेल्या चारांपैकी कुठलंच कारण त्याला पूर्ण पटलं नाही. एक त्यातल्या त्यात म्हणून दाबलं.

मी तोंड उघडलं आणि लक्षात आलं की मला याचं उत्तर माहीत नाही. म्हणजे दोन वाक्यं मी जुळवली असती. वर्गात तशी जुळवलीही आहेत.

मी विचारलं, “का येतो?”

त्याने माझ्याकडे पाहिलं, मी परीक्षा घेतेय की खरंच विचारतेय ते बघायला. मग दोन्ही हात समोर धरून म्हणाला, “हा पाइप समज.” मी पर्समधून ही वही काढली, तर म्हणाला, “लिहू नकोस ताई. ऐक नुसतं.”

वही मिटली. अर्धा तास तो बोलत होता. मध्ये दोनदा मी त्याला अडवलं, कारण मला समजलं नव्हतं. दोन्ही वेळा त्याने पुन्हा पहिल्यापासून सांगितलं.